फौजदारांची वाटी

सासऱ्यांचे डोळे गेले तेव्हा मला वाईट वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. उगाच साळसूदपणाचा आव आणून काय उपयोग? डॉक्टर म्हणाले, पडद्याचा मधला भाग गेलाय, आता औषध नाही. कडेकडेचं धूसर दिसत राहील, रंग मात्र कळणार नाहीत. मी मान हलवली, त्यांचा हात धरून त्यांना घरी आणलं, चहा टाकला आणि ओट्याशी उभी राहून मनातल्या मनात म्हटलं, बरं झालं.

कसली बाई आहे ही, असं तुम्हाला वाटलं असेल. वाटू दे. आधी ऐकून तर घ्या.

सासरे कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे आणि हे खिडकीशी बसून दात घडवायचे, हिरड्या रंगवायचे. रंगात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मीसुद्धा मान्य करते. शेजारच्या दातापाशी बसवलेला त्यांचा दात ओळखून दाखवा म्हटलं तर भले भले डॉक्टर चुकायचे. बोलायला लागलात तर तुमच्या डोळ्यांकडे नाही, तुमच्या दातांकडे बघायचे. मला बघायला आले तेव्हाही पहिलं वाक्य हेच होतं, "दात पिवळट आहेत, पण चालेल."

निवृत्त झाल्यावर या माणसाने कोळंब्या पाळल्या. खायच्या नव्हेत, काचेच्या टाकीत ठेवायच्या. नखाएवढ्या, गोड्या पाण्यातल्या, लाल. पुढच्या खोलीत चार फुटांची टाकी, तळाला काळी वाळू, लाकडाच्या ओंडक्यावर शेवाळ, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा स्पंज. पाणी एक दिवस बादलीत मुरवून मगच घालायचं, पालक उकडून थंड करून मगच टाकायचा, घरात डासांचं औषध मारायचं नाही, टाकीजवळ अत्तर लावलेला हात न्यायचा नाही. माझ्या बाळंतपणातही एवढे नियम कुणी पाळले नव्हते.

त्या कोळंब्यांचा एक खास वाण त्यांनी तयार केला होता. त्याला ते डाळिंबी म्हणायचे. पायाच्या टोकापासून सोंडेपर्यंत सारखा गडद लाल, कुठेही पाण्यासारखा फिका डाग नाही. अकरा वर्षं लागली त्याला. कशी? तर दर रविवारी सकाळी दहा वाजता निवड करून. स्टुलावर चिनी मातीची पांढरी वाटी ठेवायची, जाळीने एकेक कोळंबी उचलून वाटीत घ्यायची आणि तिच्याशेजारी रंगपट्टी धरायची. ही पट्टी त्यांनी स्वतः केली होती, कवळीच्याच मसाल्याची, एका ओळीत लाल रंगाचे सहा ठिपके, फिक्यापासून गडदपर्यंत. चौथ्या ठिपक्याच्या वरची ती ठेवायची. त्याच्या खालची तो कचरा.

कचरा जायचा शेजारच्या छोट्या टाकीत. तिथे तीन फौजदार होते. फौजदार म्हणजे पोट फुगवणारे इवलेसे मासे, बोटाच्या पेरापेक्षा मोठे नाहीत, पण ऐट बघा! एक डोळा इकडे, एक डोळा तिकडे, सगळ्या खोलीवर नजर. एरवी त्यांना गोगलगायी घालायचो, शंखासकट कुरतडायचे. रविवारी कोळंब्या. एका घासात संपवतील तर शपथ. आधी डोळे खायचे, मग पोहायचे बारीक पाय, मग सोडून द्यायचे आणि थोड्या वेळाने परत यायचे. दुपारपर्यंत चालायचं ते. सासरे खुर्ची ओढून बघत बसायचे.

"सूनबाई, वाटी धर." दर रविवारी हीच हाक. मी वाटी धरायची, ते निवडायचे.

आता माझ्या लेकीचं सांगते. ठकी म्हणतो आम्ही तिला. सहा वर्षांची झाली तेव्हा तिच्या कोपरावर एक पांढरा डाग उमटला. मग गुडघ्यावर, मग बोटांवर, मग ओठाच्या कडेला. कोड. दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागत नाही, डॉक्टरांनी दहादा सांगितलं. पण घरात एक रंगतज्ज्ञ होते ना! "आमच्या सात पिढ्यांत नाही," ते म्हणाले. "तुझ्याकडून आलंय हे." माझा नवरा यंत्रं बसवायला गावोगाव फिरतो, महिन्यातून चार दिवस घरी. त्याला सांगितलं तर म्हणाला, "बाबांचा स्वभावच तसा आहे, मनावर नको घेऊस." म्हणजे झालं त्याचं काम.

एका रविवारी मास्तर आले होते. मास्तर म्हणजे सासऱ्यांचे चेले. शाळेत चित्रकला शिकवतात आणि मासे पाळणाऱ्यांच्या मंडळाचे चिटणीस आहेत. निवड चालली होती. ठकी हळूच आली आणि तिने टाकीत दोन बोटं बुडवली. कोळंब्या येऊन तिच्या नखांवर चढल्या, गुदगुल्या झाल्या तशी ती खुदकन हसली. सासरे ओरडले, "ए, हात काढ! पाण्यात नको घालूस तो हात, वाण बिघडेल." आणि मग मास्तरांकडे वळून हसत हसत म्हणाले, "ही कोळंबी असती ना, तर केव्हाच फौजदारांकडे रवाना केली असती."

मास्तरही हसले. ओशाळं हसले, पण हसले. ठकीने बोटं फ्रॉकला पुसली. तिला कळलं की नाही, याचा मी विचार करत होते, तेवढ्यात तिने विचारलं, "आजोबा, मी कचरा आहे?" सासरे वाटीत बघत होते. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून अर्धी टाकी रिकामी करून घेतली आणि मुरवून ठेवलेलं ताजं पाणी भरायला लावलं. नऊ बादल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि मी तोंडातून ब्र न काढता पाणी भरत होते. त्यानंतर ठकी कधी त्या टाकीत हात घालायला गेली नाही. पुढच्या खोलीच्या दारात उभी राहायची, उंबऱ्याच्या अलीकडे.

त्यानंतर वर्षभरात त्यांचे डोळे गेले. म्हणून म्हटलं, बरं झालं.

त्यांनी ते लपवलं. मंडळातल्या कुणालाही कळता कामा नये! रंगाचा एवढा जाणकार आणि त्याला लाल दिसत नाही, म्हणजे नाक कापलं गेलं की. घरी येणाऱ्यांना बंदी झाली. मास्तरांचा फोन आला की "सध्या वाण नाजूक टप्प्यावर आहे" असं सांगायचे. आणि त्या पहिल्या रविवारी दहा वाजता खुर्चीत बसून मला म्हणाले, "सूनबाई, आता निवड तू करायची. पट्टी मी धरतो. चौथ्याच्या वर असेल ती ठेव, खाली असेल ती टाक. नीट बघ. मी गेल्यावर माझी एवढीच खूण राहणार आहे जगात."

एवढीच खूण. मुलगा नाही, नात नाही. ही टाकी.

मी पहिली कोळंबी वाटीत घेतली. डाळिंबाच्या दाण्यासारखी होती, पोटाखाली अंडी घेतलेली, एक नंबर मादी. "कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"फिकी आहे, बाबा," मी म्हटलं.

"टाक."

टाकली. टपकन आवाज झाला, फौजदारांनी डोळे फिरवले. आवाज ऐकून सासऱ्यांनी समाधानाने मान हलवली. दुसरी कोळंबी पाठीवर पांढरट होती. "ही?" "ही सुरेख आहे. पाचव्या ठिपक्याची." "वा! जपून सोड हिला." मी ती जपून सोडली.

मला काय वाटलं सांगू? मजा वाटली. त्या दिवशी दोन घास जास्त जेवले मी.

दोन वर्षं दर रविवारी हेच केलं. एक रविवार चुकवला नाही. एकदा मी तापाने फणफणले होते तरी उठून बसले. लाल दिसली की फौजदारांना, फिकी दिसली की टाकीत परत. या प्राण्यांची पिढी तीन महिन्यांची. आधी नुसता रंग उतरला. मग डोकं लाल आणि अंग पाणी अशा पैदा व्हायला लागल्या. दुसऱ्या वर्षी टाकीत काचेच्या कोळंब्या फिरायला लागल्या, पोटातला पालक बाहेरून दिसावा अशा. फौजदार मात्र गलेलठ्ठ झाले. अकरा वर्षांची डाळिंबी त्यांच्या पोटात होती.

सासरे खूश होते. रोज संध्याकाळी तोंड तिरकं करून, डोळ्याच्या कडेने टाकीकडे बघत बसायचे. त्यांना हलणाऱ्या सावल्या दिसायच्या. "आज कशा दिसतायत गं?" विचारायचे. मी वर्णन करायचे. निखाऱ्यांसारख्या दिसतायत, बाबा. काळ्या वाळूवर कुंकू सांडल्यासारखं दिसतंय, बाबा. खोटं बोलायला लागलं की माणसाला किती सुचतं!

ठकीला सगळं दिसत होतं. दारात उभी असायची ना. एकदा स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाला लागली, "आई, तू लाल लाल टाकून देतेस. उलटं करतेस तू."

मी घाबरले. मग तिला जवळ घेऊन म्हटलं, "हळू बोल. फिक्यांनाही जगू दे की."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच्या बोटांकडे बघितलं. माझ्या कमरेला एवढी घट्ट मिठी मारली की माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. "मी कुणालाही सांगणार नाही," म्हणाली. त्यानंतर रविवारी ती दारात उभी राहून हसायची, मी फिकी कोळंबी परत सोडली की मला खूण करायची. त्या काचेच्या कोळंब्यांना तिने नावं दिली होती. आमच्या दोघींचं गुपित झालं ते. शाळेत कुणी डागांवरून चिडवलं तर आता रडत यायची नाही. मला वाटलं, चला, एका दगडाने बरंच काही झालं.

मग प्रदर्शन आलं. मंडळाचं वर्षाचं प्रदर्शन, आणि मधलं टेबल सासऱ्यांच्या डाळिंबीला द्यायचं ठरलं. समोर पाटी लागणार, तिच्यावर वाणाचं नाव आणि खाली सासऱ्यांचं. फोन ठेवल्यावर त्यांनी मला दोनदा तेच सांगितलं. "मास्तर शनिवारी वीस नग न्यायला येतोय. येऊ दे. आता लपवायचं नाही. डोळे गेले तरी माझा वाण उभा आहे, हे कळू दे त्यांना." नवा सदरा काढून ठेवला. दाढी करताना तीन ठिकाणी कापून घेतलं.

शनिवारी दुपारी मास्तर आले. मी मुद्दाम टाकीची काच आतून-बाहेरून लखलखीत पुसून ठेवली होती. दोन वर्षं मी या घटकेची वाट बघत होते, तर ती धुरकट काचेतून कशाला बघायची? ठकीलाही चांगला फ्रॉक घातला होता आणि सरबत आणायला आत पाठवलं होतं.

मास्तर वाकले. खिशातला टॉर्च काढला. लावला. विझवला. परत लावला.

"बोल की," सासरे म्हणाले. "जीभ गिळलीस का?"

मास्तरांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या नजरेला नजर दिली. मग त्यांनी सासऱ्यांकडे बघितलं, त्या तिरक्या धरलेल्या तोंडाकडे, हनुवटीवर चिकटवलेल्या कापसाकडे. त्यांना सगळं समजलं असावं.

"काका," ते म्हणाले, "असा लाल मी जन्मात पाहिला नाही."

सासऱ्यांनी मास्तरांचा हात चाचपून धरला आणि रडायला लागले. हसत हसत रडत होते. "जमलं म्हणजे," म्हणत होते. "जमलं रे, जमलं." तीस वर्षांच्या कवळ्यांनंतर, अकरा वर्षांच्या कोळंब्यांनंतर त्या माणसाचा चेहरा एकदम मोकळा झाला होता, लहान मुलासारखा. मला तो बघवेना. दोन वर्षं मी हे तोंड पडलेलं बघण्यासाठी थांबले होते, आणि हा दीडशहाणा मास्तर एका वाक्यात ते फुलवून मोकळा!

गप्प बसले असते तर? मास्तरांनी बाजारातून वीस लाल कोळंब्या घेऊन टेबलावर मांडल्या असत्या आणि म्हातारा सुखाने गेला असता. गप्प बसायला हवं होतं. नाही बसले.

"खोटं बोलतायत ते," मी म्हटलं.

"वहिनी," मास्तर म्हणाले, "नको."

"का नको? त्या दिवशी हसायला बरं आलं होतं तुम्हाला! बाबा, या टाकीत एकही लाल नाही. दोन वर्षं मी लाल फौजदारांना घातल्या आणि फिक्या ठेवल्या. पहिल्या दिवसापासून. तुम्ही पट्टी धरून बसला होतात तेव्हा."

सासऱ्यांनी मास्तरांचा हात सोडला. टाकीची काच शोधली, तिच्यावर दोन्ही पंजे ठेवले, आणि तोंड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवून बघायला लागले. "एकही नाही?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही. सगळा कचरा आहे. तुमचाच शब्द. चौथ्या ठिपक्याच्या खालचा. बघवणार नाही असा, फेकून द्यायच्या लायकीचा कचरा पोसलाय तुम्ही. पालक उकडून घालत होतात ना? कचऱ्याला घालत होतात."

"पण का?"

"ठकीबद्दल म्हणाला होतात ना. ही कोळंबी असती तर फौजदारांकडे रवाना केली असती, म्हणून."

सासरे आठवायला लागले. खरंच आठवत होते, कपाळाला आठ्या घालून. "असं म्हणालो मी?" त्यांनी मास्तरांना विचारलं. "कधी?"

त्यांना आठवत नव्हतं. मी दोन वर्षं ज्या वाक्यावर जगले ते वाक्य त्या माणसाच्या डोक्यातून केव्हाच पुसलं गेलं होतं. मला त्याचाच एवढा संताप आला की मी आणखी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात मास्तरांनी माझ्या मागे दाराकडे बघितलं.

ठकी ट्रे घेऊन उभी होती. सरबताचे तीन पेले. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिने ट्रे स्टुलावर ठेवला, नीट, एक थेंबही न सांडता, आणि आत गेली.

रात्री मी तिला समजवायला गेले. म्हटलं, "आजोबांना लागावं म्हणून बोलले गं मी तसं. मला तसं वाटत नाही." ती म्हणाली, "बरं." म्हटलं, "फिक्या मी तुझ्यासाठीच ठेवल्या होत्या ना?" ती म्हणाली, "मला झोप येतेय." आणि पांघरुणात हात आत घेतले.

रविवारी मी मुद्दाम उशिरा उठले. आता कसली निवड आणि कसलं काय! दहा वाजून गेले होते. पुढच्या खोलीतून आवाज आला, टपकन. मग परत, टपकन.

सासरे खुर्चीत बसले होते, हातात रंगपट्टी. शेजारी ठकी उभी होती, बाही दंडापर्यंत वर करून, पांढऱ्या डागांचा हात कोपरापर्यंत टाकीच्या पाण्यात. तिने जाळीने एक कोळंबी उचलली, वाटीत घेतली, वाटी पट्टीला लावली.

"कशी आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

"फिकी."

"पहिल्या ठिपक्याच्याही खाली?"

"खाली."

"टाक."

तिने टाकली. फौजदारांच्या टाकीत नुसती गर्दी झाली होती. काही कोळंब्या अजून हलत होत्या, डोळ्यांवाचून. तिन्ही फौजदारांची पोटं तट्ट फुगली होती, खाववत नव्हतं, तरी चावे घेणं चालू होतं.

"ठके," मी म्हटलं, "अगं, काय करतेयस? नावं दिली होतीस ना तू त्यांना?"

"कचरा काढतेय," ती म्हणाली. माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. "सगळा काढायचाय. मग आजोबा आणि मी नव्याने सुरू करणार आहोत."

"हात स्थिर ठेव," सासरे तिला म्हणाले, "पाणी ढवळू नकोस. हां, अस्सं." मग माझ्या आवाजाच्या दिशेने त्यांनी तोंड तिरकं केलं. रागाचं नावही नव्हतं त्यांच्या बोलण्यात. "पोरीची नजर पक्की आहे, सूनबाई. एकदाही अडखळली नाही. माझ्यावर गेलीय."

ठकी हसली. किती दिवसांनी अशी हसली होती, ओठाची पांढरी कड पार गालापर्यंत गेली. तिने जाळी पुन्हा पाण्यात घातली, शेवाळात दडून बसलेली एक काचेची कोळंबी शोधून काढली, आणि मग तिच्या लक्षात आलं की एका हातात जाळी, एका हातात वाटी, तिला जमत नाहीये.

"आई," ती म्हणाली, "वाटी धर."

मी पुढे झाले आणि वाटी धरली.